पाऊस तेवढाच, मग पीक का वाळतं?

प्रश्न : पाऊस कमी झाला, असं आमच्यातले सगळे शेतकरी म्हणतात. हंगामाची बेरीज मात्र सरासरीइतकीच भरते. खरं काय मानायचं? आणि पेरणी कशावरून ठरवायची?

उत्तर : दोन्ही खरं आहे. शेतकऱ्याला जाणवतो तो पावसातला खंड, आणि बेरजेत खंड दिसत नाही. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्के वाढते. त्यामुळे पडतो तेव्हा धो-धो पडतो. तासाभरात 60 मिमी कोसळला तर बरंचसं पाणी मातीसकट वाहून जातं. तोच चार वेळा 15-15 मिमी पडला तर मुरतो. शिवाय उष्णतेने ओलही लवकर उडते.

तरी नुसत्या आठवणीवर विसंबू नका. वाईट वर्ष ठळक आठवतं, बरं वर्ष विसरतं. पाऊस स्वतः मोजा: सरळ भिंतीचा डबा उघड्यावर, जमिनीपासून फूटभर उंच, पक्का बसवा. जवळच्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवं. रोज सकाळी ठरल्या वेळी पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, डबा रिकामा करा. वर रुंद, खाली निमुळती बादली चालत नाही, आकडा फुगतो. कोरडे दिवसही लिहाच. पुढे खरा उपयोग त्यांचाच होतो.

पेरणी पहिल्या सरीवर करू नका. तिने वरची चार-पाच सेंटिमीटर माती भिजते, बी उगवतं, मुळी खालच्या कोरड्या थरात अडते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. 15 सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकताच फुटला, तर वापसा (पेरणीजोगी ओल) आहे. चिकटून राहिला तर थांबा. गोळाच होत नसेल तर ओल नाही. (रेताड जमिनीत ही खूण फसते, तिथे ओल किती खोल गेली ते खणून पाहा.)

कमी दिवसांचं वाण घेतलं की सुटलो, असं अनेकांना वाटतं. पण नेमका फुलोऱ्यात खंड पडला तर तेही मार खातं, आणि सावरायला त्याच्याकडे दिवसही कमी असतात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुदतीची दोन वाणं लावा, म्हणजे सगळं शेत एकाच वेळी फुलोऱ्यात येणार नाही. उताराला आडव्या सऱ्या (चर) काढा आणि रोपं हातभर झाली की ओळींमध्ये पाच सेंटिमीटर जाड काडीकचरा पसरा. बुंध्याला मात्र तो टेकवू नका, खोड कुजतं.