प्रोलॉगचे ‘नाही’ मराठीत कसे वाचावे?

प्रश्न असा आहे: प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या संगणकभाषेला विचारलेली गोष्ट दिलेल्या नोंदी-नियमांवरून सिद्ध झाली नाही, की काही प्रणालींत ‘नो’ उमटते, काहींत ‘फॉल्स’. मराठी टिपणात त्याला ‘असत्य’ म्हणावे का?

माझ्या मते अजिबात म्हणू नये. ‘आढळत नाही’ म्हणावे. पालिकेत जुनी जन्मनोंद सापडली नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते. वहीत नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रोलॉगही तेवढेच सांगते, आणि तेही शोध संपला तर. नियम स्वतःभोवतीच फिरत राहिला तर तेवढेही उत्तर येत नाही.

मग ‘आढळत नाही’वरून ‘नाहीच’ कधी म्हणावे? संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्क यांनी 1978 मध्ये दाखवलेली वाट अशी, की नियमातला ‘तर’ हा ‘तरच’ असा वाचायचा.

हजर(सुमन).
हजर(विजय).

‘सुमन किंवा विजय असेल तर हजर’ हे ‘असेल तरच हजर’ असे वाचले, म्हणजे सुमन आणि विजय हे दोघेच हजर. मंगल हे या दोघांपैकी कोणाचे दुसरे नाव नसेल, तर ती गैरहजर ठरते. सगळा भार त्या ‘च’वर आहे. यादी अपुरी असेल तर तो ‘च’ लावायचा अधिकारच आपल्याला नाही. कुमारिल भट्टांच्या मीमांसा दर्शनात अनुपलब्धी (न आढळणे) हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे, पण अट हीच: वस्तू असती तर दिसलीच असती. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही. म्हणून पारिभाषिक शब्द हवाच असेल तर मी ‘अनुपलब्धिमूलक निषेध’ सुचवेन.

आता खरी अडचण. विद्यार्थ्यांच्या यादीत तिघांचीही नावे आहेत आणि नियम असा लिहिलाय (‘:-’ म्हणजे ‘जर’, ‘\+’ म्हणजे ‘सिद्ध होत नाही’, स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’):

गैरहजर(_क) :- \+ हजर(_क), विद्यार्थी(_क).

(_क हा चल, म्हणजे ज्याची किंमत शोधायची ते नाव. प्रोलॉगमध्ये चल कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोअरने सुरू होतो; देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, म्हणून अंडरस्कोअर.) ‘गैरहजर कोण?’ असे विचारले तर मंगलचे नाव येत नाही, नकार येतो! कारण अटी डावीकडून क्रमाने तपासल्या जातात, आणि पहिल्या अटीपाशी _क ला अजून किंमतच मिळालेली नाही. अशा वेळी \+ हजर(_क) याचे वाचन ‘_क हजर आढळत नाही’ असे होत नाही, ‘कोणीच हजर आढळत नाही’ असे होते. आणि सुमन तर हजर आहे. विद्यार्थी(_क) आधी लिहा, मंगल लगेच मिळते. टिपणात दोन्ही वाचने शेजारी-शेजारी द्यावीत. एकट्या ‘नाही’ने हा फरक कळत नाही.