गुहेतल्या जुन्या हाडांवरच्या खुणा माणसाच्या की प्राण्यांच्या, हे कसं ओळखतात?

ओरखडा हत्याराचा की दाताचा, हे अभ्यासक 'नुसतं बघून' कसं सांगतात, असं तुम्ही विचारलंय. नुसतं बघून सांगता येत नाही. मी हे शिकले लालबागच्या घरात, रविवारच्या मटणातल्या नळ्यांवर. नळी उकळून साफ करायची, टॉर्च आडवा धरायचा नि दहापट भिंगातून बघायचं. खाटकाच्या सुरीची रेघ अरुंद, तळाला निमुळती. दगडी हत्याराचीही साधारण तशीच, फक्त दगडाची धार खडबडीत असल्याने रेघेच्या आत आणखी बारीक समांतर रेघा उठतात. एक नळी चाळीतल्या कुत्र्याला दिली आणि संध्याकाळी परत आणली (आईने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही). दातांचे चरे रुंद, तळाला गोलसर. आणि हाडाची मऊ टोकं सफाचट.

साळिंदर तर हाडं गोळा करून गुहेत नेतं. त्याच्या पुढच्या दातांचे चरे रुंद, सपाट, एकाला एक लागून असतात.

खरी फसगत खुरांखाली होते. कळपाने तुडवलेल्या हाडावर खडे घासतात नि रेघा अगदी सुरीसारख्या उमटतात. म्हणून आकाराइतकीच जागा बघायची. मांस सोडवणारा सांध्याजवळ, स्नायू चिकटतात तिथेच कापतो. तुडवल्याच्या रेघा उथळ असतात, कुठेही नि कशाही जातात.

दक्षिण आफ्रिकेत संशोधक रेमंड डार्ट यांनी गुहांमधली मोडकी हाडं आदिमानवाची हत्यारं ठरवली होती. पुढे तिथलेच दुसरे संशोधक बॉब ब्रेन यांनी स्वार्टक्रान्सच्या गुहेतल्या, कोवळ्या वयाच्या एका आदिमानवाच्या कवटीवरची दोन भोकं मोजली. त्यांच्यातलं अंतर त्याच गुहेत सापडलेल्या बिबट्याच्या जबड्यातल्या सुळ्यांशी जुळलं. शिकारी समजलेला जीव इथे शिकार होता! आरे कॉलनीत राहणाऱ्यांना हे लवकर पटेल.

आता तुम्ही शेवटी विचारलेली 'निअँडरथलची बासरी', म्हणजे निअँडरथल या आपल्या नात्यातल्या प्राचीन मानवाने बनवली असं म्हणतात ते भोकं असलेलं हाड. स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेत 1995 मध्ये गुहा-अस्वलाच्या पिल्लाचं हे मांडीचं हाड मिळालं. ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते बासरी म्हणूनच मांडलंय, पण वाद मिटलेला नाही. भोकं गोल आहेत, एका ओळीतही आहेत, मात्र हाडाची दोन्ही टोकं जनावरांनी चावलेली आहेत. माझं मत दातांच्या बाजूने.