आवारातलं झाड किडलंय, शेजारी तोडा म्हणून मागे लागलेत, पण झाड हिरवं आहे. जबाबदारी कोणाची?

झाड तुमच्या आवारात आहे ना, मग जबाबदारी तुमची. आणि शेजाऱ्यांनी लेखी कळवलं असेल तर 'आम्हाला कुठे माहीत होतं' म्हणायची सोयही राहिली नाही.

इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरी यावरून दीड वर्ष वाद चालला होता. वडिलांनी लावलेला गुलमोहर, शेजारच्या काकूंच्या भिंतीला लागून. एका पावसाळ्यात बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, फळीसारखी बुरशी आली, वरून तपकिरी, कडेला पांढरी, हाताला लाकडासारखी टणक. दादाला दाखवली तर म्हणाला पानं बघ किती हिरवीगार आहेत, आणि वडिलांचं झाड तोडायला निघालीस तू? काकूंनी पत्र दिलं ते त्याने ड्रॉवरमध्ये टाकलं. अहो पण पानांवरून काय कळणार, पाणी चढतं ते खोडाच्या बाहेरच्या थरातून, आतलं लाकूड कुजून गेलं तरी पानांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

मग एका रात्री पाऊस झाला, वारा म्हणावा असा नव्हताच, आणि पहाटे झाड काकूंच्या भिंतीवर आडवं. खाली कोणी नव्हतं म्हणून वाचलो. मी जाऊन मुळं बघितली. एवढ्या झाडाबरोबर एकही लांब मूळ वर आलं नव्हतं, सगळी वीतभर थोटकं, बोटांनी ओढलं की लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं सुटत होतं. घराच्या बाजूची तर सरळ कापलेली, कारण काही वर्षांपूर्वी दादानेच तिथून पाइपलाइनसाठी चर खणून घेतला होता. म्हणजे त्या बाजूने झाडाला ओढून धरायला काही उरलंच नव्हतं. तो अजून म्हणतो वाऱ्याने पडलं. वारा नव्हता दादा. आणि वडील असते तर बुरशी दिसली त्याच दिवशी त्यांनी माणूस बोलावला असता.

तर तुम्ही पानं बघू नका, बुंधा बघा. बुरशी, एका बाजूने जमिनीला पडलेली भेग, नव्याने आलेला कल, यातलं काहीही दिसलं तर जाणकाराकडून तपासून घ्या आणि तो काय म्हणाला ते लेखी घ्या. ढोलीत सिमेंट भरून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा, त्याने कूज थांबत नाही.

अर्थात पोकळ झालेलं प्रत्येक झाड तोडायचं नसतं. क्लाउस मॅथेक या जर्मन संशोधकाचा ठोकताळा आहे, भोवतीचं चांगलं लाकूड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं असेल तर पोकळ खोडही तग धरतं. मुळंच कुजली असतील तर मात्र हा हिशोब कामाचा नाही. आणि बऱ्याच ठिकाणी स्वतःचं झाड तोडायलाही परवानगी लागते, ती आधी काढा, खर्च कोणी किती द्यायचा तेही तिथल्या नियमाप्रमाणे बदलतं.

हो, आणि शेजाऱ्यांच्या पत्राला उत्तर द्या, तारीख घालून. काकूंना भिंत पडल्यापेक्षा आपल्या पत्राला कोणी उत्तरही दिलं नाही याचं जास्त वाईट वाटलं होतं.