हूडला झोळ पडलाय, आवळू का बदलू?

प्रश्न : वडिलांच्या काळातली महिंद्रा जीप आहे, रेक्झिनचं हूड. लग्नसराईत वरातीला भाड्याने जाते त्यामुळे हूडची सारखी काढघाल चालू असते. गेल्या वर्षीपासून मधोमध झोळ पडलाय, पाऊस झाला की परातीसारखं पाणी साठतं आणि पुणे रोडला सत्तरच्या पुढं गेलं की टप वर फुगतो आणि असा फडफडतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. सीटकव्हरवाला म्हणतो दोन इंच आत घेऊन टीप मारून देतो, दुसरा म्हणतो नवीनच शिवून घ्या. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, सध्या दोघांचंही राहू द्या. आधी जीपमध्ये बसा आणि वर बघा. हूडच्या खाली पाईपच्या कमानी आहेत आणि त्या कमानींना धरून समोरच्या काचेपासून मागच्या बॉडीपर्यंत निवाडीचे पट्टे गेलेत, दिसले? आता मधली कमान हाताने पुढंमागं ढकला. बोटभर हलली तर चालतंय, पण चार बोटं हलत असेल तर तुमचं कापड ढिलं नाहीच, खालची निवाड ढिली झालीय. निवाडीच्या खाटेला झोळ पडला तर आपण गादी आत घेतो का ओ? निवाड आवळतो ना, इथंही तेच. कमानी जागच्या सरकल्या की कापडाला ताण कोण देणार, मग त्यात पाणी साठतं, एक लिटर म्हणजे एक किलो, पाच-सहा लिटर साठलं आणि गाडी खड्ड्यात आदळली की ते वजन रेक्झिनला अजून ओढतं, असं ते वाढतच जातं.

फुगण्याचं म्हणाल तर टपावरून हवा जोरात सरकली की तिथला दाब कमी होतो आणि आतली हवा कापडाला वर ढकलते. पुढचे पडदे उघडे आणि मागचा बंद असेल तर हवा आत कोंडते, मग जास्तच. सगळे पडदे लावून एकदा तुळजापूर नाक्यापर्यंत चक्कर मारा, फरक कळेल.

टीप मारायच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचं हूड मी ऐन मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, असंच दोन इंच आत घेऊन शिवलं. ढोलकीसारखं ताठ बसलं, गिऱ्हाईक खूश, मीपण खूश. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, तोच माणूस सकाळी सकाळी दारात, हूड काय टिच बटणांपर्यंत पोचेना. रेक्झिन उन्हात सैल पडतं आणि थंडीत आकसतं हे मला तेव्हा त्या बटणाने शिकवलं, कारण जोर लावून एक बटण बसवायला गेलो तर ते रेक्झिनच्या गोल चकतीसकट उपटून माझ्या हातात आलं. फाटलेलं तिथं परत शिवायला जागाच उरली नव्हती. नवीन हूड माझ्या खिशातून.

तर करायचं असं. हूड काढा. कमानींचे नटबोल्ट बघा, भोकं मोठी झाली असतील तर वॉशर घाला, कमान वाकली असेल तर दोन्ही बाजूंनी काचेपासूनचं अंतर टेपने मोजलं की लगेच कळतं. मग निवाड बदला, सगळी, एकच नको. दोन इंची पॉलिस्टरची घ्या. सुती निवाड कुजते आणि नायलॉनची ओली झाली की लांबते, म्हणजे नेमकी पावसात दगा देणार. कापलेलं टोक मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या म्हणजे दशा निघत नाहीत, आणि स्क्रू मारताना निवाड दुहेरी दुमडून वर मोठा वॉशर, नुसता स्क्रू मारला तर महिनाभरात भोक फाटतं. कमानीवर जिथं कापड घासतं तिथं नमद्याची, म्हणजे जाड लोकरी फेल्टची, पट्टी चिकटवा, जुन्या हूडला नेमकी तिथंच भोकं पडलेली असतात बघा.

हूड परत चढवताना ते सकाळी नऊ-दहाच्या उन्हात अर्धा तास पसरून ठेवा. गार हूड ओढायचं नाही आणि दुपारी तापलेलं असताना फार ताणायचं नाही. आधी समोर, मग मागं, मग बाजू, त्यापण समोरासमोर एकेक बटण लावत. एक बाजू पूर्ण लावून मग दुसरीकडे गेलात की तिरकं बसणारच. एवढं करून झोळ राहिला तर रेक्झिन खरंच संपलंय, तेव्हा नवीन शिवा. नवीन जर सुती कॅनव्हासचं घेणार असाल तर थोडं ढिलंच ठेवायला सांगा. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं हे चादरीच्या गावात मी काय सांगायचं, पहिल्या दोन पावसांत ते आपोआप ताठ होतं.

शिलाईतून पाणी येत असेल तर सिलिकॉन मात्र फासू नका, त्याच्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही आणि पुढचा कारागीर तुम्हाला शिव्या घालतो.

प्रश्न : भावाने पुण्याहून सेकंडहँड इम्पोर्टेड गाडी आणली, बटणावर उघडणारा कापडी टप आहे. बाकी ठीक पण ड्रायव्हरच्या काचेवरची कापडाची कडा लोंबते आणि वाऱ्याने थपथप वाजते. गम लावून चिकटवू का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नको. अशा बऱ्याच गाड्यांत काचेवरच्या त्या दुमडीतून एक बारीक स्टीलची तार गेलेली असते, एका टोकाला स्प्रिंग, तीच कडा खाली दाबून धरते. एकाच बाजूला लोंबतंय म्हणजे तिकडची तार तुटलीय किंवा स्प्रिंग निसटलीय. निसटली असेल तर परत अडकवायची, नाहीतर नवीन तार जुनीच्या टोकाला बांधून ओढून घ्यायची, परकरात नाडी ओवतो तशी. काम चालू असताना टपाचं बटण कुणी दाबणार नाही एवढं बघा, पोरं आसपास असतील तर चावीच खिशात ठेवा, त्या कमानींत बोट सापडलं तर खैर नाही.

प्रश्न : जीपच्या मागच्या पडद्याची प्लास्टिकची काच धुरकट झालीय. थिनरने पुसू का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : थिनर नको, पेट्रोल नको, कोरडं फडकंही नको, धूळ घासून ओरखडे पडतात. भरपूर पाणी ओता, मग साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. नुसती वरवर धुरकट असेल तर प्लास्टिकच्या पॉलिशने उजळते. पिवळी पडून कडक झाली असेल तर तेवढाच तुकडा कापून नवीन शिवून मिळतो, सगळा पडदा बदलायला लागत नाही. थंडीत पहाटे पडदा गुंडाळू नका, घडीवर तडकतो.