ट्रंकेतलं चार तारांचं वाद्य

प्रश्न : मडगावच्या शेजारच्या आजींनी घर रिकामं करताना ट्रंकेत सापडलेलं एक हातभर लांबीचं वाद्य मला दिलं. चार खुंट्या, १२ पडदे. मुलगी म्हणते युकुलेले आहे, म्हणजे हवाईतलं ते छोट्या गिटारसारखं वाद्य. एक स्टीलची तार तुटलीय आणि ब्रिज (तारा बांधलेली लाकडी पट्टी) मागून सुटलाय, फटीत पोस्टकार्ड जातं. फेविकॉल लावून चवथीला वाजवता येईल का? फोटो पाठवतेय.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी उरलेल्या तीन तारा आज रात्रीच सैल करा, बाकीचं नंतर वाचा. तंबोऱ्याची घोडी नुसती टेकलेली असते, पण इथे तारा ब्रिजलाच बांधलेल्या आहेत, म्हणजे सगळा ताण त्या चिकटवलेल्या एवढ्याशा लाकडावर, आणि मागची कड एकदा उचलली की ते वरची पातळ फळी फाडूनच निघतं.

आता ओळख. फोटोत पडद्यांची पट्टी वरच्या फळीशी अगदी सपाट दिसतेय, बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही. आजच्या बहुतेक युकुलेलेंची पट्टी फळीच्या वर असते आणि तिला स्टील चालत नाही. सपाट पट्टी, १२ पडदे, स्टीलच्या तारा, हे उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो भागातल्या पद्धतीचं काव्हाकिन्यो. मुलगी तशी फार चुकली नाही हं, कारण १८७९ मध्ये मदेइरा बेटावरून रेवन्सक्रॅग जहाजाने हवाईतल्या होनोलुलूला जे लोक गेले त्यांच्यात मान्युएल नुनेससारखे लाकूडकाम करणारे होते, त्यांनी याच घराण्यातल्या माशेत नावाच्या वाद्यावरून पुढे युकुलेले घडवलं, तेव्हा युकुलेले याचं पुतणं म्हणायला हरकत नाही.

फेविकॉल मात्र अजिबात नको! जुनी वाद्यं सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेली असतात, सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो आणि पुन्हा त्यावरच नवा बसतो. फेविकॉल लाकडात मुरला की त्यावर दुसरं काही धरत नाही, वर ताणाखाली तो हळूहळू सरकतो. आपल्या पावसाळी हवेत सरस मऊ पडतो, तुमचा ब्रिज बहुतेक असाच सुटलाय, म्हणून चवथीची घाई नको, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि सरसच वापरा म्हणून स्पष्ट सांगा. तोवर कपाटात उभं ठेवा, भिंतीला टेकवू नका, भिंतीची ओल लागते.

नंतर चार तारा डी-जी-बी-डी या स्वरांत लावून बघा, ब्राझीलमध्ये हेच चालतं. आणि तुटलेली तार फेकू नका, नवी आणताना तिचीच जाडी मोजायची आहे.