दोन वर्षं नांगर पडून होता, तेव्हा घर कशावर चाललं?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरी सोडून बॅटरीवर चालणारं कोळपं (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार) बनवलंत, दोन हंगामांत मोजकेच नग गेले, घरचे म्हणतात परत नोकरी धर. आणि तुम्ही म्हणताय, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही दोन वर्षं कुणी घेतला नव्हता, मग मीच का माघार घेऊ?

मी पलूस भागात शेती अवजारांचं वर्कशॉप चालवतो. आमच्याकडे हा दाखला उठता-बसता दिला जातो आणि जवळजवळ नेहमी अर्धाच दिला जातो. म्हणून आधी उरलेला अर्धा सांगतो.

लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ब्रश ठेवला, पण हात ठेवला नाही. तोच हात यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळवला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली. पण तोवर मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवायच्या आणि बंधू रामूअण्णांनी तिथे विकायच्या, हा धंदा बसत आला होता. सायकल विकायची, वर फी घेऊन चालवायलाही शिकवायची. नोकरी सुटली तेव्हा पायाखाली काहीतरी होतं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग नांगर.

म्हणजे नांगर गिऱ्हाइकाची वाट बघत पडला होता, तेव्हा किर्लोस्करांचं घर नांगरावर चालत नव्हतं. तुमचं घर सध्या कशावर चालतंय? प्रश्नात बचत किती महिन्यांची उरली ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते कळीचा आकडा तोच आहे. जिद्द किती आहे हा मुद्दा त्याच्यानंतर येतो.

आता नांगर का खपत नव्हता ते. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, ही गोष्ट सगळे हसत सांगतात. भीती असेलच. पण मला त्या शेतकऱ्याचा हिशेबही दिसतो. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला तर तोच बांधावर येऊन ठीक करायचा, आणि मोबदला सुगीला बलुत्यात. लोखंडी नांगराला रोख पैसे आधी मोजायचे आणि ऐन नांगरटीत फाळ तुटला तर बेळगाव गाठायचं. अशा माणसाला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागी मीही दोन उन्हाळे शेजाऱ्याचं रान बघत बसलो असतो.

तुमच्याही गिऱ्हाइकाचं तेच चाललंय. परवा एक जण माझ्याकडे असंच एक बॅटरीचं यंत्र बघायला आला. मी मोटरचे वॅट सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं, यंत्र आडवं केलं, फास, म्हणजे तण कापणारं पातं, कशाने आवळलीय ते बोटाने चाचपलं आणि विचारलं, "ह्याला पाना कुठला लागतो? आमच्या ट्रॅक्टरच्या पेटीतला चालंल का?" नाही म्हटल्यावर पुढचं काहीच विचारलं नाही. चहा मात्र घेतला.

सोयाबीनची कोळपणी पेरणीनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात होते. पीक फुलावर आलं की संपली. त्यातही वाफसा, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं, असेल तेवढेच दिवस. त्या दिवसांत मोटर चालवणारा कंट्रोलर जळला आणि तुम्ही "पुण्याहून मागवतो" म्हणालात, तर त्याचं यंत्र त्या वर्षापुरतं भंगार. तो पुढच्या वर्षी येणार नाही आणि भावकीलाही येऊ देणार नाही. म्हणून जाहिरातीवर खर्च करायच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी एक वेल्डर आणि एक मोटर रिवाइंडिंगवाला गाठा. त्यांच्याकडे फास, कंट्रोलर, चार्जर ठेवून द्या, पैसे विकल्यावर घ्या. नट-बोल्ट बाजारात कुठेही मिळतील अशाच मापाचे वापरा.

आणखी एक. दोन वर्षं ऐकायला मोठी वाटतात. कोळप्याच्या हिशेबात ते दोन डाव आहेत. त्यावरून माल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण तिसरा डाव उधारीवर खेळू नका. गावात राहूनच मिळणारं काम धरा: जॉबवर्क, कडबाकुट्टीची पाती लावणं, पंपाची दुरुस्ती, काहीही. पूर्ण वेळ नोकरी धरली आणि जून-जुलैत सुट्टी मिळत नसेल, तर मात्र कोळपं मिटलं म्हणून समजा.

डीलरकडे पैसे अडकलेत असंही म्हणालात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे तुमचे पैसे ठेवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. मात्र नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला याचा आधार मिळेल असं धरून चालू नका.

बेळगावचं म्हणाल, तर तिथली जागाही नगरपालिकेने सोडायला लावली. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर कर्जाचीही सोय केली. तीच किर्लोस्करवाडी. असा राजा तुम्हाआम्हाला भेटायचा नाही. पण इतकं बघा, तोवर त्यांचं काम बाजारात दिसत होतं, म्हणून कुणीतरी जागा देऊ केली.

बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, कंट्रोलर कुठला वापरताय आणि आतापर्यंत परत आलेल्या नगांमध्ये नेमकं काय बिघडलं होतं, तेवढं लिहा. तिसऱ्या हंगामासाठी किती सुटे भाग ठेवावे लागतील ते मग मांडून बघू.