दुसऱ्याने बुक केलेला नवीन कॉन्डो त्याच्या अ‍ॅग्रीमेंटसकट घ्यावा का?

घेता येतो, पण आधी एक डोक्यात पक्कं करा, तुम्ही घर नाही घेत आहात, त्या माणसाने बिल्डरशी केलेला करार घेताय, म्हणजे त्याचे हक्क तुमचे आणि उरलेली देणी पण तुमचीच. म्हणून मूळ अ‍ॅग्रीमेंट मागा, अख्खं, नंतरच्या बदलांसकट, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दोन फोटो नाही. ट्रान्सफरला बिल्डरची लेखी परवानगी लागते का आणि फी कोण भरणार ते त्यात बघा. बहुतेक वेळा लागतेच, आणि ती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, माणूस कितीही ओळखीतला असो.

आता हिशोब. समजा मूळ किंमत १००, त्याने २० भरलेत आणि आता त्याला ११५ हवेत. तर त्याला द्यायचे ३५, त्याचे २० आणि वरचा नफा १५, आणि बिल्डरला राहिलेले ८० ताब्याच्या वेळी. लोक अडकतात ते या ३५ वर, कारण लोन साधारण ताब्याच्या वेळीच मिळतं आणि काही बँका तर मूळ १०० च धरून चालतात, मग हे सगळं खिशातून. बँकेला आधीच विचारा.

त्याने खरंच २० भरलेत का हे त्याच्या पावतीवर नाही, थेट बिल्डरकडून कन्फर्म करा. टाइल्स, किचनचा रंग वगैरे त्याने आधीच निवडलेलं असेल, ते बदलायला मिळेलच असं नाही. ताबा लांबला तर त्रास तुम्हाला, तो तर पैसे घेऊन मोकळा. नफ्यावरचा टॅक्स कोणी भरायचा हे पण लिहूनच घ्या, आणि वकील तुमचा स्वतःचा, त्याचा नको.